पाण्याच्या तंट्यात काम करायचंय? आधी मोजायला शिका

पाणी, जंगल, कुरणं यांवरून होणारे तंटे सोडवण्याच्या कामात शिरायचं कसं, असं पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी मला विचारतात. बहुतेकांना आधी मध्यस्थीचा कोर्स हवा असतो. तो जरूर करा, पण नंतर. आकड्यांवरच विश्वास नसेल तर बैठका कितीही घ्या, गाडं पुढे सरकत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांची पीएचडी होती लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमधल्या भूजलावर. तिथे बेसुमार उपशामुळे समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत घुसत होतं. उपसा करणाऱ्यांनी कोर्टामार्फत कपात ठरवली आणि प्रत्येकाच्या उपशाची नोंद ठेवायला 'वॉटरमास्टर' नेमला. त्याचा अहवाल सगळ्यांना वाचता येई. शेजारीही कपात पाळतोय हे कळल्याशिवाय स्वतःचा पंप कोण आवरेल?

विहिरींचा तंटा असेल तर दोन्ही बाजूंची माणसं विहिरीवर एकत्र न्या. आजूबाजूचे पंप बंद करून पातळी स्थिरावू द्या. काठावर रंगाने खूण करा आणि दर वेळी तिथूनच स्टीलची टेप सोडा. टेपच्या खालच्या टोकाला खडू फासा, म्हणजे पाणी कुठवर लागलं ते स्पष्ट दिसतं. खुणेपाशी जो आकडा येईल त्यातून भिजलेल्या रेषेवरचा आकडा वजा केला की खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मिळतं. वाचन तुम्ही करू नका. एका बाजूने वाचावं, दुसरीने ताडून पाहावं, सह्या दोघांच्या घ्याव्यात. असा कागद हाती असला की चर्चेचा सूरच बदलतो.

मग मुलाखती. 'किती पाणी हवं?' विचारलंत तर प्रत्येक जण वाढवूनच सांगणार. 'कशासाठी, कोणत्या महिन्यात?' असं विचारा. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी 1972 मध्ये संयुक्त संस्था काढली. मालीतलं मनंताली धरण तिघांच्या सामाईक मालकीचं आहे, वीज आणि सिंचनाचा फायदा वाटून घेतला जातो. हे मोठंच काम आहे. पण नदीचा पूर आटोक्यात आला आणि ओसरत्या पुराच्या ओलीवर पेरणी करणाऱ्यांचं, मासेमारांचं नुकसान झालं. म्हणून प्रत्येक बैठकीआधी मी एक यादी करते: या निर्णयाची झळ कोणाला बसेल आणि त्यातलं कोण इथे आलेलं नाही. गुराखी, पाणी भरणाऱ्या बायका आणि प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला राहणारे यांची नावं त्यात हमखास निघतात. त्यांच्याकडे स्वतः जा, त्यांना सोयीच्या वेळी.

आणि काम स्वीकारण्यापूर्वी तुमचं मानधन कोण देतंय ते सगळ्या पक्षांना सांगून टाका. एकाच पक्षाचा पैसा असेल तर बाकीच्यांची लेखी संमती घ्या, ती मिळाली नाही तर नकार द्या.