सनीव्हेल कौन्सिलला उभं राहायचंय? आधी सह्या मोजा, मग बाकीचं

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहराच्या सिटी कौन्सिलच्या (नगरपालिकेच्या) डिस्ट्रिक्ट (प्रभाग) १, ३ आणि ५ या जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ ला मतदान आहे. इथे प्राथमिक फेरी नाही, दुसरी फेरी नाही. नोव्हेंबरात ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. २०२२ मध्ये डिस्ट्रिक्ट ३ चा निकाल एका मताने लागला होता, तेव्हा 'थोडंफार चालून जाईल' हा विचार मनातून काढून टाका. उमेदवार अमेरिकन नागरिक हवा, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा हवा आणि त्याच पत्त्यावर मतदार म्हणून नोंदलेला हवा. यातलं काही कमी असेल तर ते आधी निस्तरा.

पहिली तारीख १३ जुलै. त्या दिवसापासून सिटी क्लार्क, म्हणजे शहराची निवडणूक सांभाळणारे अधिकारी, नॉमिनेशन पेपर (उमेदवारी अर्ज) देतात. त्यावर मतदारांच्या सह्या घ्यायच्या असतात. शेवटची तारीख ७ ऑगस्ट, संध्याकाळी ५. अपॉइंटमेंट आधीच घ्या आणि ती १३ जुलैच्या आठवड्यातलीच घ्या, कारण सह्या फक्त क्लार्कने दिलेल्या अधिकृत कागदावरच चालतात. घरी छापलेल्या कागदावर जूनमध्ये गोळा केलेल्या सह्या म्हणजे रद्दी.

आता सह्या. हे नीट वाचा, कारण उमेदवारी बुडते ती इथे. कॅलिफोर्नियात एवढ्या मोठ्या शहरासाठी किमान २० आणि कमाल ३० सह्या लागतात. आकडा इतका लहान आहे की कोणी मनावर घेत नाही. 'वीस सह्या? आमच्या एका पॉटलकला (डबा पार्टीला) चाळीस माणसं येतात!' येतात ना. त्यातले नागरिक किती? नागरिकांपैकी मतदार म्हणून नोंदलेले किती? नोंदलेल्यांपैकी तुमच्याच डिस्ट्रिक्टमधले किती? आणि त्यांतले आज ज्या घरात राहतात त्याच पत्त्यावर नोंदलेले किती? चार चाळण्या लावल्या की चाळीसातले पाच-सहा उरणं अगदी शक्य आहे. आपल्या मराठी मंडळींमध्ये कुणी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर), कुणी ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर), कुणी नागरिक झालेला पण नोंदणी राहून गेलेला. यांतल्या कोणाचीही सही धरत नाहीत. ग्रीन कार्डवाल्याचीही नाही.

वर ३० ची मर्यादा आहे. म्हणजे सत्तर सह्या गोळा करू, वीस तरी टिकतील, हा हिशेब चालत नाही. हाताशी दहाच जास्तीच्या आहेत. म्हणून सही घेतल्यावर तपासणी नाही, तपासणी झाल्यावर सही. सँटा क्लारा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्याच्या) रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सकडे, म्हणजे मतदार नोंदणी कार्यालयाकडे, अर्ज करून, पैसे भरून उमेदवाराला मतदार यादी मिळते. ती जूनमध्येच मागवा. तीत आपल्या ओळखीची नावं शोधा, पत्ता ताडून बघा, डिस्ट्रिक्ट बघा. रस्त्यापलीकडचं घर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतं. शहराच्या नकाशावर पत्ता टाकून खात्री करा, अंदाजाने नको. अशी ३० नावं हातात आली की मगच दार वाजवा.

कागदावरची एक ओळ कशी भरायची तेही सांगते. मतदाराने स्वतः सही करायची, स्वतःचं नाव सुट्या, वाचता येतील अशा अक्षरांत लिहायचं, आणि राहत्या घराचा पत्ता लिहायचा: घर नंबर, रस्ता, अपार्टमेंट असेल तर तो नंबर. पोस्ट बॉक्स चालत नाही. नवरा ऑफिसात आहे म्हणून बायकोने दोघांची सही करणं हा सर्रास होणारा प्रकार आहे आणि तो चालत नाही. सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडतात. जिथे पूर्ण सही केली होती तिथे आता दोन अक्षरांचा फराटा मारू देऊ नका. एका जागेसाठी मतदार एकाच उमेदवाराच्या कागदावर सही करू शकतो. दोघांच्या केल्या तर जो कागद आधी दाखल झाला त्यावरचीच धरतात. म्हणून प्रत्येकाला विचारा: 'दुसऱ्या कुणाच्या कागदावर सही केलीय का?' विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. शेवटी, सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र त्याच कागदावर असतं. ते त्याने स्वतःच्या हाताने भरायचं, सह्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतल्या ते लिहायचं. ते कोरं राहिलं तर वरच्या सगळ्या सह्या अडकतात.

भाड्याने राहणाऱ्यांचं वेगळं बघा. मागच्या वर्षी घर बदललं, लायसन्सवर नवा पत्ता आला, पण मतदार नोंदणी जुन्या घरावरच राहिली, असं फार होतं. अशांची सही आहे तशी घेऊ नका. आधी त्यांना तुमच्यासमोर ऑनलाइन नव्याने नोंदणी करायला लावा, मग सही घ्या. नोंदणी सहीच्या दिवशी किंवा त्याआधी झालेली असली, आणि तुम्ही कागद दाखल कराल त्या दिवसापर्यंत ती काउंटीकडे पोचलेली असली, तर ती सही धरतात. क्रम उलटा झाला की सही गेली.

आणि कागद शेवटच्या दिवशी नेऊ नका. तपासणीत सह्या कमी पडल्या तर एकदा पुरवणी कागदावर आणखी सह्या गोळा करायची मुभा आहे, पण तीही ७ ऑगस्टच्या ५ वाजेपर्यंतच. त्या दिवशी चार वाजता कागद दिला आणि १९ सह्या टिकल्या, तर पुरवणीची मुभा असून नसल्यासारखी. जुलै संपायच्या आत दाखल करा. विद्यमान सदस्याने अर्ज भरला नाही तर इतरांना १२ ऑगस्टपर्यंत मुदत वाढते, पण कोण भरणार आणि कोण नाही यावर स्वतःची उमेदवारी टांगून ठेवू नका.

बॅलटवर (मतपत्रिकेवर) नावाखाली व्यवसाय लिहितात. जास्तीत जास्त तीन शब्द, आणि तो तुमचा खरा, मुख्य व्यवसाय हवा. 'माजी' अर्थाचा शब्द चालत नाही, 'नामवंत' किंवा 'तज्ज्ञ' असली विशेषणं चालत नाहीत. सोबत वर्कशीट असतं, त्यात पुरावा द्यावा लागतो. पक्षाचं नाव बॅलटवर येतच नाही, कारण कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेप्रमाणे शहरातली सगळी पदं पक्षविरहित आहेत. पक्ष पाठिंबा जाहीर करतात, ते वेगळं. म्हणून मतदाराला तुमच्याबद्दल बॅलटवर जे दिसतं ते एवढंच: नाव आणि हे तीन शब्द. त्यावर एक पूर्ण संध्याकाळ घाला.

मतदार पुस्तिकेतलं निवेदन: कायद्यातली मूळ मर्यादा २०० शब्दांची, शहर ती ४०० पर्यंत नेऊ शकतं. क्लार्कला विचारा. खर्चाची अंदाजे रक्कम आधी भरावी लागते. त्यात स्वतःच्या पक्षाचा उल्लेख नको, पक्षीय संघटनेतल्या कामाचा नको, आणि दुसऱ्या उमेदवाराचा तर अजिबात नको. एकदा दिलं की मागे घेता येतं, बदलता येत नाही. म्हणून इंग्रजी चांगलं असणाऱ्या दोन माणसांकडून वाचून घ्या, आणि शब्द स्वतः मोजा. मग द्या.

पैसे. एक डॉलर मागण्याआधी किंवा खर्च करण्याआधी फॉर्म ५०१, म्हणजे उमेदवारीचा इरादा कळवणारा फॉर्म. स्वतःचे पैसेही त्यात आले. जमा किंवा खर्च २,००० डॉलरला पोचला की १० दिवसांत फॉर्म ४१०, म्हणजे तुमच्या प्रचार कमिटीची नोंदणी. ट्रेझरर आणि स्वतंत्र बँक खातं हवं. खात्याला बँक वेळ लावते, म्हणून आधीच सुरुवात करा. स्वतःच्या खिशातला खर्चही आधी त्या खात्यात भरून मग करायचा. अर्जाची आणि निवेदनाची फी एवढाच अपवाद. एका माणसाकडून एकूण १०० डॉलर किंवा जास्त आले की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी ज्या कंपनीत आहे तिचं नाव लिहून घ्या. ६० दिवसांत माहिती नाही मिळाली तर पैसे परत. १०० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही. फोनवरून आलेले पैसे सोपे वाटतात, पण त्यांच्यासोबत कंपनीचं नाव येत नाही, आणि मग ट्रेझरर रात्री फोन करत बसतो.

इथे आपल्या लोकांसाठी एक इशारा. एच-वन-बीवरच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या मित्राकडून देणगी घेऊ नका, दहा डॉलरही नको. परदेशी नागरिकाचे पैसे निवडणुकीत घेणं फेडरल कायद्याने बंद आहे, अगदी सिटी कौन्सिललाही. ग्रीन कार्डवाला देणगी देऊ शकतो. लक्षात ठेवा: ग्रीन कार्डवाल्याची देणगी चालते, सही चालत नाही. ही गल्लत करणारे खूप. व्हिसावरचे मित्र विनामोबदला काम करू शकतात, पत्रकं वाटू शकतात. पैसे कुठे खर्च करायचे हे मात्र त्यांनी ठरवायचं नाही.

गणपती १४ सप्टेंबरला आहेत, ऐन प्रचारात. दर्शनाला जा, लोकांना भेटा. पण मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर त्याला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. स्टेजवरून भाषण मागू नका, मंडळाची ईमेल यादी मागू नका. मंडळाला अडचणीत आणून मतं मिळवायची नसतात.

हिशेबाचा फॉर्म ४६० दोनदा: २४ सप्टेंबर आणि २२ ऑक्टोबर. निवडणुकीआधीच्या ९० दिवसांत एकाकडून १,००० डॉलर किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७, म्हणजे मोठ्या देणगीची खबर. शनिवार-रविवार बघून ठेवा. फॉर्म ७००, म्हणजे स्वतःच्या आर्थिक हितसंबंधांचं निवेदन, उमेदवारीबरोबरच.

पत्रकं २०० पेक्षा जास्त टपालाने गेली तर बाहेरच्या बाजूला कमिटीचं नाव-पत्ता, किमान ६ पॉइंटात. यार्ड साइन (अंगणात लावायचे प्रचार फलक) जागेच्या मालकाला विचारून. खांबावर, दुभाजकावर नको.

५ ऑक्टोबरच्या सुमारास प्रत्येक मतदाराला बॅलट टपालाने निघतं. तुमची पत्रकं त्याआधी घरात पोचलेली हवीत, म्हणजे छपाई सप्टेंबरच्या मध्याला. बरेच जण याला उशीर करतात. नोंदणीची मुदत १९ ऑक्टोबर. व्होट सेंटर (मतदान केंद्रं) २४ ऑक्टोबरपासून. तिथे १०० फुटांच्या आत प्रचाराचा बिल्ला, टोपी, काही नको.

३ नोव्हेंबरला रात्री निकाल लागेलच असं नाही. मोजणी पुढे दिवसेंदिवस चालते. साइन उतरवा. उरलेले पैसे नियमाप्रमाणे निकाली काढा, ३१ जानेवारीचा ४६० भरा, आणि कमिटी बंद करायची तर ४१० पुन्हा भरून बंद करा, नाहीतर दर वर्षी ५० डॉलरची फी लागत राहते.