डोंगरउतारावरील झाडीची जागा पानगळीत तयार करताना

डोंगरावर झाडी असलेली जागा घेतली की घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळे घर उभे राहते आणि पहिल्याच सुट्टीत सगळे कोयते-करवती घेऊन साफसफाईला निघतात. ही घाई टाळावी. पानगळीच्या हंगामात बघणे आणि खुणा करणे हेच मुख्य काम असते, तोडणे त्यानंतर येते; आणि या बघण्यालाही एक क्रम आहे.

हद्दीचे दगड मोजणीच्या नकाशाशी ताडून झाले, झाडे तोडण्याची परवानगी लागते का हे स्थानिक कार्यालयात विचारून झाले, की पाने झाडांवर असतानाच पहिली फेरी मारावी. याचे कारण साधे आहे. पूर्ण पानगळ झाल्यावर जिवंत झाड आणि वठलेले झाड लांबून सारखेच दिसते. त्यामुळे वठलेल्या, पोखरलेल्या आणि तुटकी फांदी अधांतरी लटकत असलेल्या झाडांना आताच लाल फीत बांधावी, राखायच्या झाडांना पिवळी. आमच्याकडे एकाच झाडाला दोन्ही रंगांच्या फिती आढळल्या होत्या. असे झाले की त्या झाडाचा निकाल पुढच्या फेरीपर्यंत लांबवावा. घर, वाट आणि वावराच्या जागेपासून दूर असलेली वठलेली झाडे पक्ष्यांच्या ढोलीसाठी तशीच सोडली तरी चालतात.

दुसरी फेरी पाने गळाल्यावर आणि शक्यतो पाऊस पडत असताना मारावी. छत्री घेऊन चिखलात फिरणे मुलांना आवडते, मोठ्यांना नाही, पण पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कळण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. पाऊस थांबल्यावरही वाहून आलेली पाने झाडांच्या बुंध्यांशी आणि दगडांशी ओळीने अडकलेली दिसतात; त्या ओळी म्हणजे पाण्याची वाट. तिथे निळ्या फितीच्या खुंट्या ठोकाव्यात आणि त्या पट्ट्यात घर, सांडपाण्याचा शोषखड्डा किंवा गाडीचा रस्ता आखू नये. याच फेरीत उताराचे मापही घ्यावे. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरली की उंचीतला फरक कळतो: १० मीटर आडव्या अंतरात १ मीटर फरक असेल तर उतार १० टक्के. रस्ता साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आत बसवावा. त्याहून तीव्र चढावर ओल्या पानांवरून किंवा बर्फावरून गाडी घसरण्याचा धोका वाढतो, म्हणून रस्ता लांबला तरी तिरका न्यावा.

घराच्या जागेवर भर दुपारी थोडा वेळ बसून सावली कुठून येते तेही पाहावे. दुपारच्या उन्हाच्या बाजूला पानगळीची झाडे असतील तर ती उन्हाळ्यात सावली देतात आणि थंडीत ऊन आत येऊ देतात; त्याच बाजूला दाट सदाहरित झाडे असतील तर कपडे वाळवण्यापासून मुलांच्या अंगणापर्यंत सगळेच हिवाळाभर सावलीत राहते.

राखायचे झाड नुसते न तोडल्याने वाचत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ दोरीने आखावे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या झाडासाठी ते ४.८ मीटर होते. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात, म्हणून या वर्तुळात गाडी फिरवणे, माती टाकणे, चर खणणे बंद. मुळे दबल्याची खूण लगेच दिसत नाही, झाड काही वर्षांनी वाळू लागते आणि तोवर ते घरावर झुकलेले असू शकते.

मग तोडणी. मोठी, तिरपी किंवा लटकत्या फांद्यांची झाडे अनुभवी माणसाकडूनच पाडून घ्यावीत. करवत चालू असताना मुले जागेवर नसावीत आणि बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबावे. उताराच्या खालच्या बाजूला तर कोणीही उभे राहू नये, कारण ओंडका घरंगळतो. घर आणि रस्ता सोडून इतरत्र बुंधे उपटू नयेत, कारण उतारावरची माती त्यांच्या मुळांनीच धरलेली असते. घरापासून दूर, फांद्या उतारावर आडव्या, जमिनीला टेकवून रचल्या की वाहत्या पाण्याचा वेग मोडतो. मात्र वणव्याचा विचार करून घराच्या नियोजित भिंतींपासून १.५ मीटरपर्यंत जळण्यासारखे काहीच ठेवू नये आणि सुमारे १० मीटरपर्यंत सुके गवत-काटक्या काढून टाकाव्यात. सरपणही त्याच्या बाहेर, फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडे रचावे. ओले लाकूड नीट वाळायला अनेकदा वर्षभर, कठीण लाकडाला त्याहून जास्त लागते.

घराभोवतीचा हा पट्टा सोडून इतरत्र उघडी पडलेली माती हिवाळ्यापूर्वी गळालेल्या पानांनी झाकावी. खुंट्या कमरेइतक्या उंच ठेवाव्यात, कारण बुटक्या खुंट्या पानांखाली किंवा बर्फाखाली गडप होतात, आणि प्रत्येक खुंटीजवळून दोन ठरावीक दिशांनी छायाचित्र काढून ते नकाशावर क्रमांकाने नोंदवावे.