शेतातल्या कॅमेऱ्याला न् बल्बला पुरेल असं छोटं सोलर घरीच कसं जोडायचं

शेतात लाईट पाळीने येते आणि 4जी कॅमेऱ्याला तर चोवीस तास करंट लागतो, म्हणून बरेच जण आधी पॅनल घेऊन टाकतात आणि मग पावसाळ्यात कॅमेरा बंद पडला की सोलरलाच नावं ठेवतात. आधी हिशोब करा, तोही पावसाळ्याचा.

समजा कॅमेरा 5 वॅटचा आहे, 24 तासांचे झाले 120 वॅट-अवर. 5 वॅटचा बल्ब पाच तास म्हणजे 25, आणि एक मोबाईल चार्ज करायला 15 धरा. रोजचे 160. आता 100 वॅटचा पॅनल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) खरे साधारण 70 वॅटच देतो, कारण पॅनल 18 व्होल्टचा असला तरी हा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या 13 व्होल्टवर खाली ओढतो. चांगल्या उन्हाचे पाच तास मिळाले तर 350, चिक्कार झाले, पण ढगाळ दिवसात अडीच तास धरले तर 175 म्हणजे जेमतेम. म्हणून 100 च्या खाली जाऊ नका, 40 वॅटवर भागेल असं दुकानदार म्हणाला तरी.

बॅटरी दोन दिवसांची ठेवा, म्हणजे 320 वॅट-अवर. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट 30 अँपियर-अवरची घेतली तर 384 होतात, बास आहे. लेड अ‍ॅसिड निम्मीच वापरायची असते नाहीतर लवकर मरते, त्यामुळे ती 55-60 अँपियर-अवरची लागेल आणि वजनही भरपूर. कंट्रोलर 10 अँपियरचा, आणि त्यात लिथियमचं सेटिंग आहे ना हे बघूनच घ्या.

जोडताना क्रम चुकवू नका!! आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल, शेवटी लोड, म्हणजे कॅमेरा, बल्ब वगैरे. काढताना बरोबर उलटं. बॅटरी आधी जोडली की कंट्रोलरला सिस्टीम 12 व्होल्टची आहे हे कळतं, नुसता पॅनल जोडला तर 21-22 व्होल्ट थेट कंट्रोलरच्या अंगावर येतात आणि काही कंट्रोलर तिथेच जातात. बॅटरीच्या प्लसला, अगदी टर्मिनलजवळच, 15 अँपियरचा फ्यूज टाका. छोटी बॅटरी आहे म्हणून हा सोडू नका प्लीज, वायर शॉर्ट झाली तर हीच बॅटरी वायर पेटवू शकते आणि खोपीत कडबा, पोती, सगळं जळणारंच असतं.

वायर 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची, पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. मध्ये इन्व्हर्टर घालू नका, काही चालू नसलं तरी तो स्वतःच करंट खात बसतो. बल्ब 12 व्होल्ट डीसीचा मिळतो, मोबाईलला कार चार्जरवालं सॉकेट लावा. कॅमेऱ्याचं मात्र लेबल वाचा, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरी 14.4 पर्यंत जाते, म्हणून फक्त 12 चालणारा असेल तर मध्ये 12 व्होल्ट फिक्स देणारा कन्व्हर्टर टाका, 5 व्होल्टचा असेल तर 5 चा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार पुण्याकडे 18-20 अंश, नागपूरकडे 21-22. बाभळीची एक फांदी जरी आडवी आली तरी आउटपुट धाडकन पडतं, तेव्हा जागा सकाळी नऊला आणि दुपारी तीनला स्वतः उभं राहून बघा मगच नटबोल्ट आवळा. धूळ पहाटे साध्या पाण्याने पुसायची, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको.