फोटोंचा संग्रह नव्या खात्यात नेताना

पुण्यातल्या घरातील सामाईक मॅकवर मुलीसाठी वेगळे खाते उघडले, की लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीपासून सिंहगडाच्या सहलीपर्यंतचे सारे फोटो तिकडे न्यावेसे वाटतात. फोटोज ॲपचा संग्रह जुन्या खात्याच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये एकाच फाइलसारखा दिसत असला, तरी त्याच्या पोटात मूळ चित्रे, अल्बम आणि केलेले बदल असतात. म्हणून तो उघडून आतले फोल्डर सुटे उचलू नयेत.

आधी फोटोज ॲप पूर्ण बंद करावे आणि संग्रहाची प्रत एपीएफएस (मॅकची फाइली साठवण्याची पद्धत) स्वरूपाच्या बाह्य डिस्कवर घ्यावी. खरी अडचण मालकी हक्काची असते: प्रत जुन्या खात्याच्या नावे राहिल्यास नव्या खात्याला ती उघडता येत नाही. त्यासाठी डिस्कच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत, तळाशी, ‘इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम’ हा पर्याय निवडावा.

मग नव्या खात्यातून संग्रह तिथल्या ‘पिक्चर्स’मध्ये उतरवून घ्यावा आणि ऑप्शन कळ दाबून धरून फोटोज उघडावे, म्हणजे संग्रह निवडता येतो. सगळे अल्बम डोळ्यांनी तपासेपर्यंत जुन्या खात्यातला मूळ संग्रह कृपया पुसू नये.