संवर्धक लावलेलं सोयाबीन उन्हात ठेवू नका

पेरणीच्या दिवशी शेतात गेलं की एकच चित्र दिसतं. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं धुऱ्यावर ताडपत्रीवर पसरलेलं असतं, वर बाराचं ऊन आणि ट्रॅक्टरची वाट बघणं चाललेलं. त्या बियाण्यावरचं रायझोबियम, म्हणजे संवर्धकातले जिवाणू, पेरणीआधीच मरून जातं. ऑगस्टात पीक पिवळं पडलं की शेतकरी म्हणतो, "संवर्धक लावलं होतं, काही फरक पडला नाही." फरक कुठून पडणार?

रायझोबियम हे खत नाही, जिवंत जिवाणू आहेत. मुळावर गाठी करून ते हवेतला नत्र पिकाला देतात. ऊन, पत्र्याच्या शेडमधली उकड आणि रसायनं त्यांना सोसत नाहीत. बाटली गाडीच्या डिक्कीत टाकून तालुक्याहून आणली आणि चार दिवस पत्र्याखाली ठेवली, तर आत जिवंत काय राहणार? घेताना अंतिम तारीख बघा, पिशवीत ओलं फडकं गुंडाळून आणा, घरात माठाजवळ गार जागी ठेवा.

क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक (कार्बोक्झिन + थायरम, किलोला 3 ग्रॅम), मग खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस, किलोला 10 मिली. ते सुकू द्या. पेरणीच्या तोंडावर, सगळ्यात शेवटी, द्रवरूप रायझोबियम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू (पीएसबी), प्रत्येकी किलोला 10 मिली. एकरी 26 किलो बियाणं धरलं तर प्रत्येकी 260 मिली लागतं. सगळं एकाच घमेल्यात कालवलं की संवर्धकाचे पैसे पाण्यात. सोयाबीनची साल पातळ असते, जोरात चोळलं की सुटते आणि दाणा उगवत नाही; हलक्या हाताने खालीवर करा. बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. तिफणीवर किंवा पेरणीयंत्राच्या पेटीतही ओलं गोणपाट टाकून ठेवा.

बाकीची कामं:
- घरच्या बियाण्याची उगवण तपासा. 70 टक्क्यांखाली असेल तर बियाणं वाढवा
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका
- खोली 3 ते 4 सेंमी
- जमेल तिथे रुंद वरंबा सरी
- बियाणं आणि रासायनिक खत एकत्र मिसळू नका

2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणाकाठी पुरात ज्यांच्या जमिनी खरडून गेल्या त्यांनी तर बीजप्रक्रिया टाळूच नये. वरच्या थरातल्या मातीबरोबर त्यातले जिवाणूही गेलेत. तिथे शक्य तितकं शेणखतही टाका. जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो.

आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो, पीएसबी त्यातला थोडा मोकळा करतात. म्हणून ही स्वस्तातली बाटली सोडू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ही संवर्धकं मिळतात. दुकानदार त्याऐवजी 'मुळी वाढवणारं' महागडं टॉनिक पुढे करतो. आत कोणता जिवाणू, किती प्रमाणात, हे लेबलवर छापलेलं नसेल तर पैसे काढू नका.

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी चार ठिकाणची झाडं खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीत मुळं धुवा, गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. माझा अनुभव असा, की सोटमुळाला वरच्या बाजूलाच दहा-बारा जाड गाठी असल्या तर ते रान युरियाशिवाय पार निघतं. पाऊस लागून राहिला आणि पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, गाठी काम थांबवतात, पान पिवळं पडतं. तेव्हा युरियाची गोणी आणू नका, आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वापसा आला की पीक आपोआप हिरवं होताना मी पुष्कळदा पाहिलंय. जादा युरियाने गाठी कमी होतात आणि झाड नुसतं माजतं.

उरलेलं सोयाबीनचं संवर्धक हरभऱ्याला ठेवू नका. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो. ऑक्टोबरात हरभऱ्याचं म्हणून ताजं मागून घ्या.