थंड पाण्यातला बास: मार्च-एप्रिलमध्ये गळ कसा टाकावा

न्यू जर्सीतल्या तळ्यांवरचा बर्फ वितळून आठवडा-दोन आठवडे झाले की रविवारी काठाकाठानं गळवाले दिसायला लागतात. हवा १५ अंशांवर, ऊन छान, अंगात नुसता स्वेटशर्ट. पाणी मात्र अजून ७-८ अंशांवरच असतं, आणि माशाच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच. त्या थंडीत त्याला खाल्लेलं पचायला दिवस लागतात, पळापळ परवडत नाही. जुलैत धावून गिळलेलं आमिष मार्चमध्ये नाकासमोरून भर्रकन गेलं, तर तो वळूनही बघत नाही. या दिवसांत रिकाम्या हातानं परतणाऱ्याचं आमिष बहुतेक वेळा बरोबरच असतं. घाई हाताला झालेली असते.

आधी नावाचा घोळ मिटवू. बास म्हटलं की कोकणातल्या माणसाला जिताडा आठवतो. इथला लार्जमाउथ बास त्याच्या नात्यातला नाही. हा गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला मासा: हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळा तुटक पट्टा, आणि मिटलेला जबडा डोळ्याच्याही मागे पोचणारा.

परवाना आणि लाइफ जॅकेट

परवान्याची तारीख घरीच बघून घ्या. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात धरलेला बास लगेच पाण्यात सोडावाच लागतो. एरवी १२ इंचांपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचच. डेलावेअर नदीसारख्या राज्याच्या सीमेवरच्या पाण्याचे नियम वेगळे असतात, ते स्वतंत्र वाचा.

होडीत किंवा कयाकमध्ये बसणार असाल तर लाइफ जॅकेट घालूनच बसा, मांडीखाली ठेवून नाही. ७ अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. चांगलं पोहता येण्याचा तिथे फारसा उपयोग नसतो. न्यूयॉर्क राज्यात तर १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान होडीत ते अंगावर असणं कायद्यानंच सक्तीचं आहे.

पाण्याचा ताप मोजा

होडीवरचं यंत्र वरच्या थराचं तापमान दाखवतं. दुपारच्या उन्हानं तापलेली ती वरची साय असते, मासा तिच्या खाली. म्हणून साधा स्विमिंग पूलचा थर्मामीटर घ्या, दोरीला बांधा, चार फुटांवर एक गाठ मारा आणि गाठ पाण्याला टेकेपर्यंत सोडा. दोन मिनिटं थांबून वर काढा आणि चटकन वाचा. वाऱ्यात धरून ठेवलात तर आकडा हलतो.

त्या आकड्यावरून पुढचं ठरतं. ७ अंशांच्या (४५ फॅरनहाइट) खाली बास खोल पाण्यातच पडून असतो. ७ ते १० अंशांत तो उथळ पाण्याच्या वाटेला लागतो. १० ते १४ हा खरा हंगाम: अंडी धरलेल्या माद्या भरपूर खातात आणि वर्षातले सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत लागतात. १६ अंशांच्या आसपास नर घरटी करायला लागतात. टेक्सासमध्ये हे फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होऊ शकतं, न्यू जर्सीत मे उजाडतो. म्हणून कॅलेंडरवर विसंबू नका.

एका आकड्यानं मात्र भुलू नका. सकाळी ८ अंश आणि दुपारी ११ अंश असं रोज वर सरकणारं पाणी हे दोन दिवस १० अंशांवर अडकलेल्या पाण्यापेक्षा चांगलं. सलग तिसरा उन्हाचा दिवस, दुपारी एक ते पाच, ही या मोसमातली सर्वांत भरवशाची वेळ. पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नाही. गळवाल्यांना हे पटवणं अवघड जातं, तरीही.

जागा: उत्तरेकडचा काठ

सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तळ्याच्या उत्तर काठावर दिवसभर ऊन पडतं आणि उत्तरेचा गार वारा तिथे लागत नाही. उत्तर किंवा वायव्य दिशेला किनाऱ्यात शिरलेला उथळ फाटा मधल्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी सहज ऊबदार असतो. तळ काळ्या चिखलाचा असेल तर अजून बरं, कारण तो उष्णता धरतो. पुलाच्या किंवा धरणाच्या भिंतीला रचलेल्या दगडांचंही तेच. दोन-तीन दिवस दक्षिणेचा वारा वाहिला तर तापलेलं वरचं पाणीही याच काठाला येऊन साचतं.

इथे नवा माणूस चुकतो. फाटा ऊबदार म्हटल्यावर तो थेट शेवटच्या टोकाला, दोन फूट पाण्यात गळ टाकतो. बास अजून तिथवर आलेला नसतो. हिवाळ्यातल्या खोल पाण्यातून अंडी घालायच्या उथळ जागेकडे जाताना वाटेत त्याचे थांबे असतात. फोनवर तळ्याच्या खोलीचा नकाशा उघडा आणि फाट्याच्या तोंडाशी, जमिनीचं टोक पाण्यात उतरतं तिथे, खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या कुठे दिसतात ते शोधा. रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र. अशा ठिकाणी माशाला ६ फुटांवरून १५ फुटांवर जायला दोन-चार हात सरकावं लागतं. ऊन आलं की वर, गारठा आला की खाली. त्या उतारावर एखादा बुडालेला ओंडका, दगडांची रास किंवा गेल्या वर्षीच्या पाणवनस्पतींची हिरवी राहिलेली झुडपं असतील तर पहिला गळ तिथेच.

पाऊस झाला की ओढ्याच्या तोंडाशी जावं, असं सरसकट सांगतात. मार्चमध्ये जरा जपून. कोमट पावसाचं पाणी उपयोगाचं, पण डोंगरावर बर्फ असेल तर तोच ओढा वितळलेलं बर्फ आणून ओततो आणि फाटा गार पडतो. थर्मामीटर आहेच.

जागा निवडताना लहान तळ्यांना कमी लेखू नका. लेक होपॅटकाँग हे राज्यातलं सर्वांत मोठं तळं, साधारण अडीच हजार एकरांचं. ते तापायला वेळ घेतं. गावाबाहेरची पाच-दहा एकरांची उथळ तळी त्याच्या आधी जागी होतात, आणि तिथे काठावरूनच काम भागतं.

सामान

तीन आमिषं पुरतात.

• सस्पेंडिंग जर्कबेट: झटके देत ओढायचं, छोट्या माशासारखं दिसणारं कडक आमिष, सुमारे ४ इंच लांब, ४ ते ६ फूट खोल जाणारं. थांबवलं की वरही येत नाही आणि बुडतही नाही, आहे तिथे लटकून राहतं. नितळ पाण्यात चंदेरी किंवा अर्धपारदर्शक, गढूळ पाण्यात थोडी पिवळट-केशरी झाक असलेलं.
• झालरीचा जिग: जड डोक्याचा, भोवती रबरी धाग्यांची झालर असलेला गळ, ३/८ औंस (साधारण १०.५ ग्रॅम), तपकिरी किंवा गडद हिरवा, मागे फार न फडफडणारा रबरी तुकडा. क्रॉफिशची (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) नक्कल म्हणून केशरी धागे चालतात.
• नेड रिग: १/१० औंसाच्या, अळंबीसारख्या चपट्या डोक्याच्या गळावर पावणेतीन इंचांची मऊ कांडी.

जर्कबेटला ७ फुटांच्या आतली मध्यम ताकदीची काठी आणि १० पौंडांची (तेवढा ताण सोसणारी) फ्लुओरोकार्बन लाइन. जिगला ७ फुटांची मीडियम-हेवी काठी, लाइन १२ ते १५ पौंडांची. नेडला स्पिनिंग रील, १० पौंडांची वेणीची लाइन आणि पुढे ८ फूट, ६ किंवा ८ पौंडांचा फ्लुओरोकार्बनचा तुकडा. साध्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा फ्लुओरोकार्बन जड असतो आणि पाण्यात बुडतो, म्हणून माशाचा हलका स्पर्श हाताला कळतो. जिगसाठी रील फार वेगवान नको. ७:१ च्या वरचं (मुठीच्या एका फेऱ्यात लाइनचे सातहून जास्त वेढे घेणारं) रील असलं की हात आपोआप जास्त लाइन गुंडाळतो.

काठावर पोचल्यावर पहिलं काम: जर्कबेट पायाशी पाण्यात सोडून ओढा आणि थांबवा. ते सावकाश वर यायला लागलं तर पुढच्या गळाच्या दांडीवर शिशाच्या बारीक तारेचे एक-दोन वेढे द्या. नाक खाली करून बुडत असेल तर लाइन एक नंबर बारीक लावा. पाकिटावर सस्पेंडिंग छापलेलं असलं तरी तपासा. लाइनची जाडी आणि पाण्याचं तापमान बदललं की तोल बदलतो.

जर्कबेट: मनात आकडे मोजा

उताराच्या पलीकडे लांब फेका. पाच-सहा वेळा रील फिरवून आमिष त्याच्या खोलीला न्या. आता काठीचं टोक पाण्याकडे. मनगटानं खाली छोटा झटका द्या आणि लगेच टोक आमिषाच्या दिशेनं परत न्या, म्हणजे लाइन सैल पडेल. हा सैलपणाच महत्त्वाचा. ताठ लाइनवर झटका दिला तर आमिष सरळ तुमच्याकडे सरकतं. सैल लाइनवर दिला तर नाक वळवून बाजूला झेपावतं, जखमी माशासारखं. दोन झटके, मग थांबा.

किती थांबायचं? पाणी ७ अंशांखाली असेल तर २० पर्यंत मोजा, कधी ३०. ७ ते १० अंशांत ८ ते १५. १० ते १३ अंशांत ३ ते ८. त्यापुढे दोन सेकंद पुरतात. मनातले आकडे दुप्पट वेगानं पळतात, म्हणून सुरुवातीला घड्याळाकडे बघूनच मोजा. एक फेक पुरी व्हायला तीन-चार मिनिटं लागली तर ठीक चाललंय.

थांबलेल्या वेळात नजर लाइनवर ठेवा, जिथे ती पाण्यात शिरते तिथे. उन्हाळ्यासारखा हिसका बसत नाही. बास मागून सावकाश येतो आणि तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत घेतो. तुम्हाला दिसतं ते इतकंच: सैल लाइनचा बाक किंचित सरळ होतो किंवा बाजूला सरकतो. कधी तेही नाही, पुढचा झटका देताना ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. अशा वेळी काठी वर उपसू नका. रील फिरवत काठी बाजूला, कंबरेच्या उंचीवर नेत ताण आणा. थंड पाण्यात बहुतेकदा मागच्या तीनतोंडी गळाचं एकच टोक ओठाच्या कडेला लागलेलं असतं, जोरात ओढलं की ते फाटून सुटतं. रीलचा ड्रॅगही (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक) उन्हाळ्यापेक्षा सैल ठेवा.

जिग आणि नेड: तळ सोडू नका

वारा नसेल, पाणी आरशासारखं असेल किंवा जर्कबेटला तासभर काहीच आलं नाही, तर तळाशी उतरा. जिग फेकल्यावर तळाला टेकू द्या. लाइन सैल पडली की टेकला. मग उडवायचा नाही, काठी बाजूला सरकवत फूटभर खरडत आणायचा. दगडाला अडला तर तिथेच दहा सेकंद राहू द्या आणि हळूच सोडवा. दगडावरून सुटतानाच बऱ्याचदा मासा घेतो. टक् असा आवाज हातात जाणवला, किंवा जिग एकदम बिनवजनाचा वाटला, की आधी सैल लाइन गुंडाळा आणि मग काठी उचला. इथे गळ एकतोंडी आणि जाड असतो, त्यामुळे जोर लावावा लागतो.

नेड याहून सोपा आणि खरं तर नवख्यासाठी सर्वांत चांगला. टाकायचा, टेकू द्यायचा आणि बराच वेळ काही करायचं नाही. कांडी तळावर शेपूट वर करून उभी राहते, तेवढं पुरतं. यात मासे लहान लागतात, हा तोटा.

थंडी परतली तर

मार्चमध्ये ती परततेच. आदल्या दिवशी चार मासे लागले, रात्री वारा फिरला, सकाळी निळंभोर आकाश आणि बोचरा गारठा. मासे तळं सोडून गेलेले नसतात. त्याच उताराच्या खालच्या पायरीवर, ओंडक्याला चिकटून बसलेले असतात. जागा बदलू नका. आणखी ५-६ फूट खोल जा, जर्कबेट ठेवून जिग किंवा नेड घ्या आणि थांबण्याचा वेळ दुप्पट करा. हवा शून्याखाली असेल तर काठीच्या कड्यांत बर्फ धरतो. टोक पाण्यात बुडवलं की सुटतो, हातोहात तोडायला गेलात तर कडं निघून येतं.

सोडताना

या दिवसांतली मोठी मादी पोटात अंडी घेऊन असते. हात ओले करा, खालचा जबडा धरा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. जड मासा नुसत्या जबड्यावर लटकवू नका. पक्कड हाताशी असू द्या. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा, मासा पाण्यातच धरा, फक्त क्लिकपुरता वर काढा.

पाणी १६ अंशांवर गेलं की उथळ तळावर ताटाएवढे स्वच्छ गोल दिसायला लागतात, आणि प्रत्येकावर एक नर राखण करत असतो. तो गळाला सहज लागतो, पण त्याला उचललं की काही मिनिटांत ब्लूगिल (छोटे सनफिश) येऊन अंडी फस्त करतात. असे गोल दिसले की ते तसेच सोडून बाहेरच्या टोकाकडे वळा. उशिरा येणाऱ्या माद्या अजून तिथेच, खोल पाण्याच्या कडेला असतात.