ट्यूनिंगला पैसे मोजण्याआधी एवढं बघा

आधी एअर फिल्टर नि प्लग बदलून बघा, आपल्या गोव्यातल्या चार महिन्यांच्या पावसानंतर 'गाडी ओढत नाही' ही अर्धी तक्रार तिथंच सुटते. तरी ट्यूनिंग करायचंच असेल तर नेमकं काय करणार ते पैसे ठरवतानाच विचारा. कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट), जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र), मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघायला हवं, आणि क्लिअरन्स थंड इंजिनवरच बघतात म्हणून गाडी आदल्या रात्रीच ठेवा, सकाळी पणजीहून तापलेली नेऊन उपयोग नाही. मी एकदा म्हापशात पैसे मोजले, त्यानं आयडलिंगचा स्क्रू फिरवला, आवाज बदलला म्हणून मीपण खूश, आठवड्यानं प्लग काढला तर काळाकुट्ट, काजळी बोटाला लागली, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं! प्लगचं टोक फिकट तपकिरी हवं, पांढरं पडलं तर पेट्रोल कमी पडतंय, ते जास्त वाईट.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, तिथं ट्यूनिंग म्हणजे ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली सेटिंग (मॅप) बदलणं. आधीचा नि नंतरचा डायनो ग्राफ (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशिनचा आलेख) मागा, दोन्ही एकाच मशिनवरचे, आणि मूळ मॅपची कॉपीसुद्धा. वॉरंटी चालू असेल तर मात्र थांबा. अर्धे पैसे आधी, बाकीचे घाटात पळवून आल्यावर.